सीमाभागातील विद्यार्थ्याने चित्रपट बनवायला कसे शिकावे: सुरुवात संकलनापासून

चित्रपट शिकायचा आहे असे म्हणणारा विद्यार्थी बेळगावात भेटला, की त्याचा पहिला प्रश्न बहुधा कॅमेऱ्याविषयी असतो आणि दुसरा पुण्या-मुंबईविषयी. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु त्यांची वेळ नंतरची आहे. या लेखात शिकण्याचा जो क्रम मी सुचवणार आहे तो काहीसा उलटा वाटेल: आधी संकलन (म्हणजे चित्रित तुकडे कापून जोडणे), मग आवाज, त्यानंतर प्रकाश व कॅमेरा, आणि संस्थेचा विचार हाताशी दोन-तीन पुरे केलेले लघुपट आल्यावर. हा क्रम मी कोणत्या पुस्तकातून घेतलेला नाही. तो एका फसलेल्या चित्रणाने शिकवला.

महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मित्राच्या मामांचा कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणून आम्ही वडगावातील एका यंत्रमागाच्या शेडमध्ये चित्रण केले. एकूण 47 मिनिटांचे चित्रण झाले आणि आम्ही स्वतःवर बेहद्द खूश होतो. संगणकासमोर बसल्यावर लक्षात आले, की माग चालवणाऱ्या काकांचा चेहरा भरपूर आहे, माग भरपूर आहे, कौलांच्या फटीतून येणारे ऊन तर फारच भरपूर आहे. पण काकांचे हात धोट्यातून, म्हणजे मागावर दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्यातून, रिकामी कांडी काढताना एकदाही जवळून घेतलेले नाहीत, आणि प्रत्येक शॉटमध्ये कॅमेरा सतत इकडून तिकडे फिरत असल्यामुळे कात्री लावायला जागाच उरलेली नाही. चित्रणाच्या वेळी कोणी हे सांगितले असते तर आम्हाला पटले नसते. संकलनाला बसल्यावर पंधरा मिनिटांत पटले.

एक कृती, सात शॉट

म्हणून पहिला सराव अगदी लहान ठेवावा. कथा नको, नट नकोत, संवाद नकोत. जिला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे अशी एकच कृती निवडावी आणि ती साठ सेकंदांत सांगावी. मागावरची कांडी बदलणे हे यासाठी उत्तम उदाहरण आहे. धोट्याच्या मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, दोरा कांडीवर गुंडाळलेला असतो आणि ती कांडी धोट्याच्या पोटात बसवलेली असते. दोरा संपला, की विणकर माग थांबवतो, धोटा बाहेर काढतो, रिकामी कांडी टोपलीत टाकतो, भरलेली कांडी बसवतो, दोऱ्याचे टोक धोट्याच्या डोळ्यातून ओवतो, धोटा परत जागेवर ठेवतो आणि दांडा ओढतो. माग पुन्हा खटखटू लागतो. जाणत्या हाताला या सगळ्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

ही कृती किमान सात शॉटमध्ये घ्यावी. शेड, माग आणि माणूस एकत्र दिसतील असा एक लांबचा शॉट. विणकर कमरेपासून वर दिसेल असा मध्यम शॉट. कांडी काढणारे हात. दोरा ओवला जातो तो धोट्याचा डोळा, शक्य तितक्या जवळून. विणकराचा चेहरा, विशेषतः दोरा संपल्याचे त्याच्या ध्यानात येते तो क्षण. टोपलीत पडणारी रिकामी कांडी. आणि शेवटी दांडा ओढणारा हात. प्रत्येक वेळी कॅमेरा स्थिर ठेवावा, कृती सुरू होण्याच्या पाच सेकंद आधी चित्रण सुरू करावे आणि ती संपल्यावर पाच सेकंद थांबावे. ही पाच-पाच सेकंदे त्या वेळी वाया गेल्यासारखी वाटतात, पण संकलनात हात फिरवायला जागा मिळते ती तिथेच. कारागिराच्या कामाचा एक मोठा फायदा असा, की ते स्वतःच रीटेक देते: काही मिनिटांनी कांडी पुन्हा संपतेच, त्यामुळे कोणालाही ‘पुन्हा एकदा करा’ असे सांगावे लागत नाही, आपण फक्त जागा बदलून तयार राहायचे. एक इशारा मात्र हवा. धोटा क्वचित निसटून बाहेर उडतो, म्हणून मागाच्या दोन्ही टोकांना त्याच्या वाटेवर उभे राहू नये, आणि कॅमेऱ्याचा पट्टा किंवा ओढणी पट्ट्या-चाकांजवळ लोंबू देऊ नये.

आता संकलन. दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती विद्यार्थ्याला अनेक वर्षे पुरते. संगणक जुना असेल तर केडेनलाइव्ह हलके पडते. सात शॉट क्रमाने लावल्यावर पहिली गोष्ट शिकायची ती म्हणजे हालचालीच्या मध्यावर कापणे. मध्यम शॉटमध्ये हात धोट्याकडे निघाला, की तो पोहोचण्यापूर्वीच कापून जवळच्या शॉटवर जावे आणि तिथे तोच हात उरलेले अंतर पार करील असे जुळवावे. प्रेक्षकाचे डोळे हालचालीच्या मागे धावत असतात, त्यामुळे सांधा त्यांना जाणवत नाही. हालचाल संपल्यावर कापले, तर तोच सांधा ठेच लागल्यासारखा खटकतो.

साठ सेकंदांचा तुकडा तयार झाला, की तोच तीस सेकंदांचा करावा. नंतर चेहऱ्याचा शॉट काढून टाकून पाहावा. नंतर चेहरा अगदी पहिला ठेवून पाहावा. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत एकाच निर्विकार चेहऱ्यानंतर वेगवेगळी दृश्ये जोडून दाखवले होते, की प्रेक्षक त्याच चेहऱ्यात प्रत्येक वेळी वेगळी भावना वाचतो. आपल्या विणकराच्या चेहऱ्यानंतर टोपलीतील रिकाम्या कांड्यांचा ढीग दाखवला तर तो थकलेला वाटतो, विणून झालेला साडीचा पदर दाखवला तर समाधानी वाटतो. चेहरा तोच असतो. हे वाचून कळते, परंतु स्वतःच्या चित्रणावर करून पाहिल्याशिवाय अंगी उतरत नाही.

मागाची शेड जवळ नसेल तर अडून राहण्याचे कारण नाही. खानापूरला कुंभाराचे चाक आहे, निपाणीकडे बिडी वळणारे हात आहेत, बेळगावात कुंदा या मिठाईची कढई आहे. आणि काहीच नसेल तर घरात आई भाकरी थापते ती कृतीही तितकीच पुरी आहे. दादासाहेब फाळक्यांनी पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी भांडवल मिळवण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटा चित्रपट केला होता आणि तो दाखवून पैसे देणाऱ्याची खात्री पटवली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला, तो त्यानंतर. कुंडीतल्या रोपापासून सुरुवात करण्यात कमीपणा काहीच नाही.

आवाजाकडे दुर्लक्ष करू नये

नवख्याचा लघुपट ओळखू येतो तो चित्रावरून नव्हे, आवाजावरून. किंचित अस्पष्ट चित्र प्रेक्षक खपवून घेतो, पण न कळणारे बोलणे अर्ध्या मिनिटाच्या वर सहन करत नाही. कॅमेरा किंवा मोबाइल बोलणाऱ्यापासून सहा फुटांवर असेल, तर त्याचा मायक्रोफोनही सहा फुटांवर असतो, आणि त्या सहा फुटांत पंखा, रिक्षा, शेजारचा टीव्ही असे सगळे येऊन बसते. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दुसरा मोबाइल. कॉलरला लावायचा साधा मायक्रोफोन त्याला जोडून तो बोलणाऱ्याच्या खिशात ठेवावा, दोन्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवावी. संकलनात टाळीचे चित्र आणि दोन्ही ध्वनिफितींतील टाळीचे टोक एका रेषेत आणले, की आवाज जुळतो. चित्रपटाच्या सेटवरचा क्लॅप याहून वेगळे काम करत नाही. खिशातल्या मोबाइलला विमानाच्या मोडवर टाकायला विसरू नये. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या बोलण्यालाही उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवावी, कारण फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने पुरता शिवता येत नाही.

प्रत्येक ठिकाणी काम संपल्यावर सर्वांना गप्प बसवून तीस सेकंद नुसता जागेचा आवाज मुद्रित करावा. रिकामी खोलीसुद्धा निःशब्द नसते, आणि संवादांच्या मधला भाग पूर्ण शांत केला तर तिथे भोक पडल्यासारखे वाटते. ते भोक हा तीस सेकंदांचा तुकडा भरून काढतो. मागाच्या शेडमध्ये तर हे दोनदा करावे लागते, एकदा माग चालू असताना आणि एकदा बंद असताना. अशा शेडमध्ये मुलाखत घेण्याचा प्रयत्न मी एकदा केला होता, आणि त्यातला एकही शब्द उपयोगी पडला नाही. नंतर युक्ती सुचली: वीज असेपर्यंत मागाचे चित्रण करायचे आणि वीज गेली की मुलाखत. वीज गेल्याचा आनंद झालेली आमच्या गल्लीतील ती पहिलीच मंडळी असावी. पुढे त्याच मुलाखतीचा आवाज आम्ही चालू मागाच्या चित्राखाली वापरला, बोलणे आधी सुरू केले आणि बोलणाऱ्याचा चेहरा दोन वाक्यांनंतर दाखवला. आवाज आधी आणि चित्र मागून आणण्याची ही रीत अवश्य अंगवळणी पाडावी.

प्रकाश, शटर आणि रेषा

कॅमेरा आता हाती घ्यावा, आणि मोबाइल असेल तर मोबाइलच घ्यावा. मोबाइलची मुख्य खोड ही, की तो प्रकाश, रंग आणि फोकस आपल्या मनाने बदलत राहतो. विणकर खिडकीसमोरून गेला, की सगळी खोली काळवंडते. पडद्यावर बोट दाबून धरल्यास बहुतेक मोबाइलवर प्रकाश व फोकस कायम करता येतात. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप चालत असेल तर शटर (प्रत्येक चौकट किती वेळ प्रकाश घेते ते माप), प्रकाशसंवेदनशीलता (आयएसओ) आणि रंगाचे तापमान हाताने ठरवता येते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण शटर त्याच्याशी जुळले नाही तर चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. म्हणून सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम) आणि शटर 1/50 सेकंद हे घरातील चित्रणाचे मूळ माप धरावे. अनेक मोबाइल चौकटींचा वेग गुपचूप कमीजास्त करतात आणि त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ व आवाज हळूहळू फारकत घेतात. असे झाल्यास हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर वेगाची करून घ्यावी व मगच संकलनाला घ्यावी.

दिवे विकत घेण्याची घाई करू नये. एका खिडकीसमोर माणसाला बसवून, खुर्ची थोडी थोडी फिरवत त्याच्या नाकाची सावली कुठे पडते ते तासभर पाहावे. प्रकाशाचे निम्मे शिक्षण तिथे होते. सावलीची बाजू उजळायची असेल तर जुन्या बॅनरची पांढरी मागची बाजू ताणून धरावी. आमच्याकडे वाढदिवसांच्या बॅनरांचा तुटवडा कधीच नसतो. ती बाजू उलट गडद करायची असेल तर काळी घोंगडी टांगावी. घोंगडीइतका प्रकाश गिळणारे कापड मी दुसरे पाहिलेले नाही. सकाळचे आणि संध्याकाळचे तिरपे ऊन दुपारच्या उन्हापेक्षा चेहऱ्याला केव्हाही चांगले.

दोन माणसे समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा आहे असे मानावे आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवावा. समजा, टपरीवर चहा पिणाऱ्या दोघांपैकी आजोबा डावीकडून उजवीकडे पाहत आहेत आणि नातू उजवीकडून डावीकडे. कॅमेरा रेषा ओलांडून पलीकडे गेला, तर दोघेही एकाच दिशेला पाहत आहेत असे पडद्यावर दिसते आणि संभाषण तुटते. रेषा जाणूनबुजून मोडता येते. परंतु ती पाळता येणाऱ्यानेच मोडावी असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्याबद्दल दोन वाक्ये. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते, की बॅगेत ठेवलेल्या लेन्सला आतून बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा हा त्या काळात कॅमेऱ्याइतकाच आवश्यक असतो.

माणसे बोलतात तसे बोलू द्यावे

कथापट लिहू लागल्यावर सीमाभागातील विद्यार्थी एक चूक हमखास करतो: त्याची पात्रे पुण्याच्या मालिकेतल्यासारखी बोलू लागतात. आपल्याकडचा माणूस ‘येतो खरं उशीर होईल’ असे म्हणतो तेव्हा त्या ‘खरं’चा अर्थ ‘पण’ असा असतो, आणि वाक्याच्या शेवटी येणारा ‘की’ प्रश्न विचारत नाही, आग्रह करतो. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि गिऱ्हाइकाप्रमाणे एका वाक्यात दोन्ही, हे आपल्या रोजच्या जगण्याचे ध्वनिचित्र आहे. ते पटकथेत साफसूफ करून टाकले तर चित्रपटातून गावच निघून जाते. यासाठी संवाद लिहिण्यापूर्वी एक दिवस आठवड्याच्या बाजारात नुसते ऐकत बसावे आणि ऐकलेली वाक्ये घरी येऊन जशीच्या तशी लिहून काढावी. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट हा ठोकताळा लक्षात ठेवून पहिली कथा पाच पानांच्या पुढे जाऊ देऊ नये.

मराठी संवादांना कन्नड उपशीर्षके आणि कन्नड संवादांना मराठी उपशीर्षके द्यावीत. ज्या गल्लीत चित्रण केले त्या गल्लीतील सर्वांना ते पाहता आले पाहिजे, हे त्याचे साधे कारण. उपशीर्षक एका वेळी दोन ओळींपेक्षा मोठे नसावे आणि शॉट बदलताना ते पडद्यावर रेंगाळू नये.

परवानगीच्या बाबतीत भिडस्तपणा उपयोगाचा नाही. ज्याचे चित्रण करायचे त्याची लेखी संमती घ्यावी, मूल असेल तर पालकांची. रेल्वे स्थानक आणि राखीव जंगल येथे संबंधित खात्याकडून आधी परवाना घ्यावा लागतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि सांबऱ्याला विमानतळ आहे, त्यामुळे लष्करी परिसराकडे कॅमेरा वळवू नये आणि मित्राचा ड्रोन मिळाला म्हणून तो कुठेही उडवू नये.

संस्थेचा विचार

पुण्याची भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था 1960 साली सुरू झाली, तीही प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात. आणि ती प्रभात 1929 साली स्थापन झाली कोल्हापुरात, बेळगावपासून सुमारे 110 किलोमीटरवर. त्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी त्याच्या आधी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवला होता. आपण चित्रपटाच्या नकाशाबाहेर राहतो असे वाटणाऱ्याने हे अंतर एकदा मोजून पाहावे.

ही संस्था केंद्र सरकारची आहे, म्हणून तिच्यासाठी अधिवास कर्नाटकाचा की महाराष्ट्राचा हा आपला जुना पेच आडवा येत नाही. मात्र इतर मागासवर्गाच्या राखीव जागेवर अर्ज करणाऱ्याने लक्षात ठेवावे, की केंद्राची यादी राज्यवार असते. आपली जात महाराष्ट्राच्या यादीत आहे एवढे पुरत नाही, दाखला कर्नाटकाचा असेल तर ती कर्नाटकाच्या यादीतही असावी लागते. बहुतेक दीर्घ अभ्यासक्रमांना पदवी लागते, त्यामुळे पदवीची तीन वर्षे ही रखडपट्टी न मानता वर सांगितलेल्या सरावाची वर्षे मानावीत. दीर्घ अभ्यासक्रम जमणार नसेल तर रसास्वादाचे अल्प मुदतीचे वर्ग असतात. शिवाय भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 2004 पासून गोव्यात भरतो. चोर्ला घाट उतरला की पणजी. विद्यार्थ्यांसाठी तिथे वेगळी नोंदणी असते, आणि आठवडाभर जगभरचे चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहण्याची सोय आपल्याला इतकी जवळ आहे. तिथे जाताना वही न्यावी. प्रत्येक चित्रपटातील एकच दृश्य निवडून त्यात किती शॉट होते आणि कॅमेरा कुठे होता एवढेच त्या रात्री आठवून लिहावे.

लघुपट पुरा झाला, की तो इंटरनेटवर टाकण्याआधी ज्यांच्यावर केला त्यांना दाखवावा. आम्ही मागाचा लघुपट दुसऱ्यांदा नीट चित्रित केला आणि त्याच शेडमध्ये पांढरी चादर बांधून दाखवला. संकलनाच्या वेळी तो आम्ही निदान चाळीस वेळा पाहिला होता. काकांनी पहिल्याच खेपेला मध्येच हात वर केला आणि म्हणाले, “काठ बदललाय की रे!” लांबच्या शॉटमध्ये मागावर हिरव्या काठाची साडी होती आणि हातांचा जवळचा शॉट दुसऱ्या दिवशी घेतला होता, तोवर मागावर लाल काठ चढला होता. पुढच्या आठवड्यात हिरवा काठ पुन्हा लागला, तेव्हा जाऊन आम्ही तेवढा चार सेकंदांचा शॉट परत घेतला. तेव्हापासून आमच्या चित्रणाच्या वहीत शॉट क्रमांकाच्या शेजारी एक जास्तीचा रकाना आहे, आणि त्याचे शीर्षक ‘काठ’ असे आहे.